चिठ्ठीवर चिठ्ठी

१

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा शीतकक्षात गोठून मेला, आणि त्यानंतर सहाव्या दिवशी त्याला गुन्हेगार ठरवणारं पत्र तिच्या घरी आलं. माणूस मेल्यावर तरी लोक गप्प बसतात, असा माझा समज होता. एकतीस वर्षं पोलिसात काढूनही असले समज शिल्लक राहतात, याचं मलाच नवल वाटतं.

ताईने पत्र माझ्यापुढे सरकवलं. "गुंड्या, वाच. मोठ्याने वाचू नकोस."

अख्ख्या जगात मला गुंड्या म्हणणारं हे एकच माणूस उरलं आहे, म्हणून मी निमूट मनात वाचलं. पत्र वनस्पती-संग्रहालयाच्या संचालकांचं होतं. संग्रहपालांनी, म्हणजे माझ्या भावजींनी, शंभर वर्षांपूर्वीचा एक मूळ नमुना जाळून नष्ट केला आणि मग शरमेने स्वतःला शीतकक्षात कोंडून घेतलं, असा निष्कर्ष होता. सोमवारी समिती बसणार होती. समितीने मान डोलावली, की भावजींनी चाळीस वर्षांत लिहिलेल्या अठरा हजार चिठ्ठ्यांवर 'अविश्वसनीय' असा शिक्का पडणार होता.

त्या चिठ्ठ्या म्हणजे भावजींचं आयुष्य होतं. संग्रहालयात वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून ठेवतात. ज्याला झाड ओळखता येतं तो छोट्या चिठ्ठीवर त्याचं नाव लिहितो, खाली सही आणि तारीख घालतो आणि ती त्याच कागदावर डकवतो. वीस वर्षांनी दुसरा कोणी म्हणतो, छे, हे झाड ते नव्हेच. मग तो आपली चिठ्ठी पहिलीच्या वरच्या बाजूला डकवतो. जुनी चिठ्ठी मात्र काढायची नसते, चुकीची असली तरी. भावजी जेवतानाही हे सांगायचे आणि मी भात कालवत हूं हूं करायचो.

"जाळलं म्हणतात, ते भिंगरीसाठी," ताई म्हणाली.

भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. एका जागी बसायची नाही, म्हणून भिंगरी. एकोणिसाव्या वर्षी झाडं गोळा करायला गेली असताना कड्यावरून पाय घसरला. तिच्या पिशवीत जांभळ्या फुलांची, शेंगांची एक फांदी सापडली. ते झाड कोणाच्याच यादीत नव्हतं. भावजींनी त्याला लेकीचं नाव दिलं. बावीस वर्षं ते नाव छापलं जातंय. ताईच्या कपाटात तसली पुस्तकं आहेत. तिला त्यातलं एक अक्षर कळत नाही, फक्त पान माहीत आहे.

आणि मरायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, भावजींना 'अनोळखी' असं लिहिलेल्या गठ्ठ्यात एक कागद सापडला होता. शंभर वर्षांपूर्वी कोणी एक भटका संग्राहक तेच झाड घेऊन आला होता आणि त्याने त्याचं बारसंही केलं होतं. ज्यावरून त्याने ते नाव दिलं तो मूळ नमुना हरवला असं सगळे धरून चालले होते. या धंद्यात थोरलं नाव जिंकतं. दोन्ही झाडं एकच ठरली, तर भिंगरीचं नाव गेलं.

"शनिवारी सकाळी दारात थांबून म्हणाले, संध्याकाळी तुला काहीतरी सांगायचंय, रागावू नकोस." ताईने पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं. "पाच वाजता चिमटी आली." चिमटी म्हणजे भिंगरीची मैत्रीण. "आम्ही दोघी त्यांची वाट बघत बसलो. तीनदा चहा केला. सातला तिनेच संग्रहालयातल्या खळकाकांना फोन लावला, जरा जाऊन बघा म्हणून."

खळकाकांनी शीतकक्ष उघडला तेव्हा भावजी दाराशी बसलेले होते.

"मला खरं काय ते सांग," ताई म्हणाली. "त्यांनी जाळलं असेल तर तसं सांग. माझ्यासाठी गोड करून आणू नकोस."

तो शुक्रवार होता. माझ्याकडे सोमवारपर्यंतचा वेळ होता आणि झाडांचं माझं ज्ञान कोथिंबिरीपाशी संपत होतं.

२

संचालक तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतून आलेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांच्या खोलीत एकही झाड नव्हतं, वाळलेलं नाही की जिवंत नाही.

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि ते खोटं वाटलं नाही. "पण राख त्यांच्याच खोलीतल्या बेसिनमध्ये सापडली. दरवाजावर बाहेरून कोणी आल्याच्या खुणा नाहीत. पोलिसांचंही तेच मत आहे."

"तो कागद राहिला असता तर नुकसान कोणाचं होतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "विचारा की सरळ. माझंही होतं." आणि त्यांनी समजावलं. झाडाच्या नावात आडनाव आधी येतं आणि नाव मागून. भिंगरीच्या झाडाला भावजींनी एका जुन्या घराण्यात बसवलं होतं. संचालकांनी दोन वर्षांपूर्वी रक्ताची तपासणी करावी तशी त्याची तपासणी केली, म्हणाले हे त्या घराण्यातलं नाहीच, आणि त्याला नवं आडनाव काढून दिलं. देशोदेशीच्या नियतकालिकांत त्यांचं कौतुक झालं. पण त्या भटक्या संग्राहकाने शंभर वर्षांपूर्वीच त्या झाडाला स्वतंत्र आडनाव दिलेलं होतं. म्हणजे भिंगरीबरोबर साहेबांचंही नाव बुडणार होतं.

"म्हणून मी जाळलं, असं म्हणायचंय का तुम्हाला? शनिवारी दुपारी मी चाळीस माणसांपुढे भाषण देत होतो. आणि शेवटी तो एक जुना कागद होता हो. आधीच फोटो काढून ठेवला असता तर एवढा गोंधळच झाला नसता."

त्यांनी कपाटातून काचेची बरणी काढली. समितीपुढे ठेवायला राख जपून ठेवली होती. तपकिरीसारखी बारीक राख, आणि वर एक न जळलेला कोपरा. त्यावर संग्रहालयाचा जुना गोल शिक्का अर्धा दिसत होता.

बरणी हातात धरून मी बराच वेळ पाहत राहिलो. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. डोळ्यांत कुसळ जावं आणि आरशात दिसू नये, तसं झालं होतं.

३

खळकाकांना खळकाका म्हणतात, कारण पस्तीस वर्षं ते पिठाची खळ शिजवून झाडं कागदावर चिकटवतात. त्यांच्या खोलीत सुया, दोरे, पाटे, दाबायची वजनं, आणि कोपऱ्यात पिवळ्या पडलेल्या जुन्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. जुने नमुने दुरुस्त करायला जुनाच कागद लागतो, म्हणून ते जपून ठेवतात.

"सर असं करतील?" ते म्हणाले. "माझ्याकडून एकदा एक पाकळी तुटली, तर आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी. पाकळी हो! ती पण पाकिटात घालून त्याच कागदावर चिकटवायला लावली."

त्यांनी मला शीतकक्ष बाहेरून दाखवला. झाडांना भुंगे लागतात, म्हणून बाहेरून येणारा प्रत्येक नमुना सात दिवस तिथे गोठवतात. दाराचा आतला दट्ट्या गेल्या वर्षीपासून मोडलेला. दुरुस्तीचा अर्ज संचालकांच्या टेबलावर धूळ खात होता. तोवर रिवाज असा, की आत जाणाऱ्याने दारात लाकडी पाचर अडकवायची आणि बाहेर आल्यावर ती शेजारच्या खिळ्याला टांगायची.

"त्या दिवशी पाचर कुठे होती?"

"खिळ्याला. म्हणून तर पोलीस म्हणाले, स्वतःहून गेले. मुद्दाम टांगून गेले." त्यांनी डोळे पुसले. "मला तर आता त्या दाराकडे बघवत नाही. किल्ली माझ्याकडे असते, पण पाय उचलत नाही. एकट्या चिमटीताई गेल्या बुधवारी, राहिलेली पुडकी आत ठेवून आल्या. धीराच्या आहेत बाई."

भावजींची नोंदवही त्यांच्याच टेबलावर होती. गुरुवारची नोंद भावजींच्या मोत्यासारख्या अक्षरात होती. 'अनोळखी गठ्ठ्यातून. एक फांदी, फुलांचे दोन घोस, तीन शेंगा. पाकिटात नऊ सुट्या बिया.'

"या शेंगा चिकटवायच्या म्हणजे वैताग," खळकाका वहीवर वाकून म्हणाले. "लाकूड परवडलं. मी करवतीने उभ्या चिरतो."

तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं. माणूस म्हातारा झाला की त्याला सगळं ऐकू येतं, पण वेळेवर कळत नाही.

४

चिमटीला मी परकरात असल्यापासून ओळखतो. भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. कड्यावर त्या दिवशी दोघीच गेल्या होत्या, आणि परत एकटी आली ती ही. पुढे भावजींच्या हाताखाली शिकली आणि शास्त्रज्ञ झाली. हातात सदा चिमटा, म्हणून चिमटी. बावीस वर्षं दर शनिवारी ती ताईकडे येते. ताईचं औषध संपलेलं ताईच्या आधी हिला कळतं.

भिंगातून डोळा काढून तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजले होते.

"मामा, तुम्ही कशाला हे उकरताय?"

"ताईने सांगितलंय."

"मी शनिवारी दुपारी एकला सगळ्यांबरोबर निघाले. घरी होते. पाचला काकूंकडे गेले." तिने चिमट्याने एक वाळकं पान उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. "तो कागद मी पाहिलासुद्धा नाही. सर म्हणाले होते, आधी माझं मत होऊ दे, मग दाखवतो."

"तुला काय वाटतं? जाळला असेल त्यांनी?"

"जाळला असेल तर बरंच केलं." ती एकदम तडकली. "भिंगरीचं एवढं नावच उरलंय ना आपल्याकडे? बाकी काय आहे? बाप असून स्वतःच्या हाताने तिला खाली ढकलायचं, नियम म्हणे नियम..." ती थांबली. "म्हणजे, ढकलवलं नसतं त्यांच्याने. म्हणून जाळला असेल."

मग ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तिची खरोखर दया आली. नोकरीत असताना दया आली की मी खिडकीबाहेर बघायचो. त्या दिवशी विसरलो.

निघताना ती म्हणाली, "काकूंना सांगा, उद्या येते मी. नेहमीसारखी."

५

शनिवारी सकाळी दात घासताना मला ती बरणी आठवली, आणि काय खटकत होतं ते कळलं. चूळ न भरताच खळकाकांना फोन केला.

"भिंगरीच्या झाडाची एखादी सुटी शेंग आहे का? टाकाऊ?"

"आहेत की चार-पाच."

"आणि एक जुना कोरा कागद. भावजींच्या खोलीत या."

ते आले ते गोंधळलेलेच. "साहेब, जुने कोरे कागद माझे चौदा होते. पुन्हा मोजले, तेरा भरले. एक गेला कुठे?"

"तो संचालकांच्या बरणीत आहे बहुतेक," मी म्हणालो. "जुन्या कोऱ्या कागदांवर गोल शिक्का असतो का?"

"सगळ्यांवर असतो."

शेंग कागदावर ठेवून मी बेसिनमध्ये काडी ओढली. कागद भुर्रकन पेटला आणि मिनिटभरात तपकिरीसारखा बारीक झाला. शेंग मात्र तशीच होती. जरा काळी पडली होती, एवढंच. चिमट्याने उचलून मी ती हलवली, तर आतल्या बिया खुळखुळल्या.

खळकाकांनी चिमटा माझ्या हातून घेतला आणि स्वतः हलवून पाहिलं.

"तीन शेंगा आणि नऊ बिया," मी म्हणालो. "बरणीत एक तरी दिसली तुम्हाला? बरं, झाड सोडवून नुसता कागद जाळला म्हणावं, तर ते म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. खरा पुरावा झाड आहे, कागद नव्हे. नाही काका, तो नमुना जळलेलाच नाही. कोणालातरी तो जळाला असं दाखवायचं होतं."

"मग खराच का नाही जाळला?"

"तुम्ही जाळाल?"

"मूळ नमुना?" ते दोन पावलं मागे सरले. "हात झडतील माझे!"

"झालं तर. संचालकांना तो एक जुना कागद होता. त्यांच्या मनात आलं असतं तर जाळून ते शांत झोपले असते, आणि कोरा कागद शोधत तुमच्या खोलीत आले नसते. ज्याला नमुना नाहीसा हवा होता, पण ज्याचा हात काडी ओढेना, असा माणूस इथे मुरलेला आहे. खिळ्याला पाचर टांगणारा. परका असता तर त्याने ती लाथेने उडवली असती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

असे दोघंच उरत होते, आणि त्यातले एक माझ्यासमोर उभे होते.

"काका, असा कागद घरी नेऊन कपाटात ठेवला तर काय होईल?"

"भुंगा लागेल. चार दिवसांत खाली भुसा पडायला लागतो. बघवत नाही हो."

"मग जो बघू शकत नाही, तो काय करील?"

"काय करणार? परत आणून सरळ शीतकक्षात. सात दिवस. कोणाचाही नमुना असो, बाहेरून आला की..." ते बोलायचे थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "बुधवारी."

६

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हे. भावजी जिथे मेले त्या खोलीत आता कोणी पाय ठेवत नव्हतं. लपवायला त्याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

पाचर मी स्वतः दारात अडकवली आणि पायाने दोनदा दाबून पाहिली. आत श्वास नाकातच गोठत होता. फळ्यांवर प्लास्टिकमध्ये बांधलेली पुडकी होती आणि प्रत्येकावर कोणी पाठवलं आणि कधी आत ठेवलं याची चिठ्ठी होती. मागच्या रांगेत एकावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. फक्त 'आत : बुधवार'. तारखेशिवाय सात दिवस कधी भरले ते कसं कळणार? जीव घेऊनही तिला तारीख घालायचा विसर पडला नव्हता.

पुडकं आम्ही भावजींच्या टेबलावर ठेवलं. "लगेच नाही उघडायचं," खळकाका म्हणाले. "थंडगार आहे. हवा लागली की पाणी धरतं. दुपारपर्यंत थांबा."

त्यांना मी बाहेर बसवलं आणि चिमटीला बोलावलं. पुडक्याला आतून वर्तमानपत्राचे चार थर होते. आत काय आहे ते कोणाच्या बापाला बाहेरून दिसलं नसतं.

ती दारातून दोन पावलं आत आली. मी कात्री उचलली आणि प्लास्टिकला लावली.

"आत्ता नको!" ती ओरडली. "मामा, पाणी धरेल! फुलांचे घोस आहेत दोन्ही, पाकळ्या गळतील!"

मी कात्री खाली ठेवली. मग ती भावजींच्या खुर्चीवर बसली.

"मी दोनला परत आले," ती म्हणाली. "सर पुडकी ठेवायला आत गेले होते. कागद इथेच होता. त्यावर त्यांची चिठ्ठी डकवलेली. वाळलेली. मी वाचली."

"काय होतं तिच्यात?"

"उघडल्यावर बघाल." तिचा आवाज सपाट होता. "मी दाराशी गेले. ते म्हणाले, बरं झालं आलीस, तुलाच पहिल्यांदा दाखवणार होतो. मी म्हटलं, सर, ती काढा. काकूंची शपथ घातली. ते हसले, म्हणाले, वेडी का तू, चिठ्ठी काढायची नसते. आणि पाठ फिरवून पुडकी लावायला लागले." तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. "मी पाचर काढली."

"आणि खिळ्याला टांगलीस."

"टांगली का? असेल. आठवत नाही."

"त्यांनी दार ठोकलं असेल."

"हो."

"किती वेळ?"

"मी चिठ्ठी ओली करत होते, मामा. ती निघाली असती की दार उघडणार होते. देवाशपथ उघडणार होते. पण कडेने कागद सोलायला लागला." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मूळ नमुना आहे तो. मी हात आवरला."

एकतीस वर्षांत मी सुरे पाहिले, कुऱ्हाडी पाहिल्या. पण कागदाला जपून माणूस मारलेला पाहिला नव्हता.

"मग ठोकणं थांबलेलं होतं," ती म्हणाली.

"आणि तू ताईकडे जाऊन चहा प्यायलीस."

"कड्यावर मी पाठवलं होतं तिला," ती एकदम म्हणाली. "मला उंचीची भीती वाटायची, आणि शेंग हवी होती मला. मी म्हटलं, तू जा ना, तू हलकी आहेस. बावीस वर्षं मी ते नाव छापलेलं बघून झोपते. ते गेल्यावर मी काय बघू?"

खळकाकांना दाराशी उभं करून मी ताईला आणायला गेलो.

७

वाटेत मी ताईला सगळं सांगितलं. गोड करून काही सांगितलं नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली आणि एकदाच म्हणाली, "माझ्या हातचा चहा प्यायली ती. साखर कमी घाला म्हणाली."

चिमटी शेजारच्या खोलीत होती. दोघींची गाठ मी पडू दिली नाही.

पुडकं आता खोलीइतकंच कोमट झालं होतं. खळकाकांनी थर उलगडले. पिवळ्या कागदावर ती फांदी होती. दोन घोस, तीन शेंगा, पाकिटात नऊ बिया. सगळ्यात खाली त्या संग्राहकाची फिकट शाई. आणि वर भावजींची चिठ्ठी, एका कडेला ओल लागून सोललेली. 'हे झाड आणि मी ज्याला माझ्या लेकीचं नाव दिलं ते झाड एकच आहे. जुनं नाव खरं. माझं दिलेलं नाव खाली घ्यावं.' सही. शनिवारची तारीख.

खळकाकांना मी बाहेर जायला सांगितलं आणि जे बोलायला नको होतं ते बोललो.

"ताई, मी अजून कोणाला फोन केलेला नाही. हा कागद बाहेर गेला, तर भावजी सुटतात आणि भिंगरीचं नाव जातं. नाही गेला, तर..."

"तर ते जाळणारे ठरतात आणि ती राहते."

"हो."

मला वाटलं ती रडेल. ती चष्मा पुसून पुन्हा ती चिठ्ठी वाचायला लागली. नवऱ्याचं अक्षर तिने बोटाने, न टेकवता, हवेतच गिरवलं.

"खाली घ्यावं म्हणजे कुठे रे?"

ते मला माहीत नव्हतं. खळकाकांना परत आत बोलावलं. ते म्हणाले, "नाव पुसत नाहीत बाई. जुन्या नावाच्या खाली, जरा आत सरकवून, बारीक तिरप्या अक्षरात लिहितात. कायमचं राहतं ते. फक्त त्या नावाने कोणी हाक मारत नाही."

"हाक तशीही कोणी मारत नाही," ताई म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "हेच सांगायचं होतं त्यांना त्या संध्याकाळी. रागावू नकोस म्हणाले होते. मी रागावलेच असते, गुंड्या. दोन दिवस जेवले नसते. पण तिसऱ्या दिवशी जेवले असते रे. त्यांनी तेवढं ओळखलेलं होतं. हिला नाही कळलं." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "फोन कर."

मी फोन केला.

सोमवारी समिती बसली आणि अर्ध्या तासात उठली. शिक्के पडले नाहीत. संचालकांचं नवं आडनावही त्या कागदाखाली गेलं. त्यांनी ते स्वतः वाचून दाखवलं, आवाज न चढवता, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. शीतकक्षाचा दट्ट्या त्याच दिवशी दुरुस्त झाला. एक माणूस गेल्यावर अर्ज हलतो, हे मला सरकारी नोकरीत असल्यापासून माहीत आहे.

दुपारी भिंगरीच्या झाडाचे कागद जुन्या नावाच्या वेष्टनात हलवायचे होते. ताई म्हणाली, "मी हलवते." बावीस वर्षांत तिने त्या कागदांना हात लावला नव्हता.

सगळ्यात वर भिंगरीच्या पिशवीतली ती फांदी होती. जांभळी फुलं तपकिरी झाली होती. कोपऱ्यात मूळ चिठ्ठी, ती गेली त्या दिवसाच्या तारखेची. खाली 'गोळा करणाऱ्या' असं लिहून शेजारी शेजारी दोन नावं होती. पहिलं भिंगरीचं, दुसरं चिमटीचं.

खळकाका खळीची वाटी घेऊन उभे होते. चाचरत म्हणाले, "बाई, हे दुसरं नाव... त्यावर कोरी पट्टी चिकटवून देऊ का? कोणाला कळायचं नाही."

ताईने ती दोन्ही नावं वाचली.

"नको," ती म्हणाली. "चिठ्ठी काढायची नसते."

आणि तिने वेष्टन मिटलं.